बावन्नाव्या वर्षी मेस्त्रींनी काय करावं?

पत्र (थोडक्यात):

"ताई, माझं वय ५२. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांच्या हातचा पॅटर्नचा गाळा आहे. सागवानी पॅटर्न (ओतकामासाठी वाळूत ज्याचा साचा घेतात तो नमुना) आणि कोअर बॉक्स (आतल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, ज्यात घडवतात ती पेटी) करण्यात सगळी हयात गेली. आता फाउंड्रीवाले, म्हणजे ओतकामाचे कारखानदार, ड्रॉइंग संगणकावरून थेट मशिनला देतात आणि अॅल्युमिनियमचा पॅटर्न कापून घेतात. गेल्या दिवाळीपासून माझ्याकडं काम म्हणावं असं काम नाही. दोन्ही कामगारांना दुसरीकडं लावून दिलं. मी मात्र रोज नऊला डबा घेऊन निघतो, शटर अर्धं वर करून आत बसतो आणि सहाला घरी जातो. बायकोला अजून सांगितलेलं नाही. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. तो म्हणतो, बाबा, आता आराम करा, इकडं या. मेव्हणा म्हणतो, दहा लाख घाला, मिसळीचं हॉटेल काढू. मी दहावीपर्यंत शिकलेला. या वयात नवीन काय होणार? तालमीच्या कट्ट्यावर जायचं बंद केलंय. रात्री दोनला जाग येते, मग झोप नाही. काय करू सांगा. – उद्यमनगरातला एक मेस्त्री"

मेस्त्री, नमस्कार.

तुमचं पत्र चार पानांचं होतं, वर छापलंय ते त्यातलं सार. पुढं काय करायचं यावर बोलूच, पण त्याआधी डब्याचं बोलू. सकाळी सहाला उठून तुमच्या घरी कुणीतरी भाकरी थापतं, भाजी करतं, डबा भरतं, आणि ती माउली समजते की आपला माणूस कामावर चाललाय. हे दिवाळीपासून चाललंय. तुम्हाला वाटतं की तुम्ही तिला काळजीपासून लांब ठेवलंय. मला वाटतं, तिला बरंचसं कळलेलं आहे. लाकडाचा भुसा अंगावर घेऊन येणारा माणूस महिनोन् महिने स्वच्छ शर्टानं घरी येतो, हे कपडे धुणाऱ्या बाईच्या लक्षात येणार नाही, असं होत नाही. ती विचारत नाही, कारण तुम्ही सांगत नाही. दोघंही एकमेकांना सांभाळताय आणि दोघंही एकेकटे पडलाय.

म्हणून पहिलं काम हे. मुलाला नाही, मेव्हण्याला नाही, आधी वहिनींना सांगा. आज रात्री जेवणं झाल्यावर सांगा. फार जुळवाजुळव करू नका. "काम दिवाळीपासून बंद आहे, तुला सांगायची हिंमत झाली नाही," एवढं एक वाक्य पुरे आहे. ती रडेल, चिडेल, कदाचित "मला माहीत होतं" म्हणेल. जे म्हणेल ते ऐकून घ्या, लगेच पुढचा बेत मांडायला जाऊ नका. तुम्ही पत्रात लिहिलंय की त्या घरी साड्यांना फॉल-पिको करतात. म्हणजे गिऱ्हाईक, उधारी, सणासुदीची गर्दी आणि आषाढातली मंदी हे सगळं त्यांनाही ठाऊक आहे. धंदा बसणं म्हणजे काय हे कळणारं माणूस तुमच्या घरातच आहे.

दुसरं, झोपेचं. एखादी रात्र डोळा लागला नाही तर ते काळजीचं असतं. महिनोन् महिने दोनला जाग येत असेल, कट्टा सुटला असेल, माणसं टाळावीशी वाटत असतील, तर ते डॉक्टरांना सांगायचं दुखणं आहे. सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तिथपर्यंत जायला मन घेत नसेल तर १४४१६ या नंबरवर टेलिमानसची सरकारी सेवा आहे. ती फुकट आहे, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. रात्री दोनला छताकडं बघत पडण्यापेक्षा तो फोन करा. यात कमीपणा नाही. गुडघा दुखला तर तुम्ही दाखवता, तसंच हे दाखवायचं.

आता कामाचं.

तुमच्या चार पानांत हॉटेलबद्दल एक ओळ आहे. पुण्याला जाण्याबद्दल अर्धी. आणि एका पंपाच्या केसिंगच्या कोअर बॉक्सबद्दल दीड पान. पाणी बाहेर फेकणारा तो आतला वळसा लाकडात कसा उतरवला, कोअर बाहेर काढताना वाळू तुटू नये म्हणून बॉक्सचे दोनाऐवजी तीन तुकडे कसे केले, कंपनीच्या साहेबानं पहिलं कास्टिंग हातात घेऊन काय म्हटलं. तिथं तुमचं अक्षरसुद्धा बदललंय, ओळी सरळ झाल्यात. तुम्ही मला विचारलंय की आता माझा काय उपयोग, आणि उत्तराची सुरुवात तुम्हीच त्या दीड पानात लिहून पाठवलीय.

तुमच्या डोक्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत असं मला वाटतं. एक, घर कसं चालणार. दुसरा, मी कोण. हॉटेल पहिल्याचं उत्तर असल्यासारखं दिसतं, पण दुसऱ्याचं नाही. पुण्याला जाऊन आराम करणं तर दोन्हींचं नाही. बावन्नाव्या वर्षी धडधाकट माणसाला आराम करायला सांगणं ही पोराची माया आहे, सल्ला नव्हे. त्याला प्रेमानं नाही म्हणा. महिन्यातून एकदा जाऊन राहून या, तेवढं बास.

दुसऱ्या प्रश्नासाठी मी तुमचं ते दीड पान घेऊन शिरोली एमआयडीसीतल्या एका लहान फाउंड्रीत गेले. नाव तुमचं मलाच माहीत नाही, त्यामुळं सांगायचा प्रश्न नव्हता. तिथं जे बघितलं ते जसंच्या तसं सांगते. टेबलावर नवाकोरा अॅल्युमिनियमचा पॅटर्न होता. मशिनवर कापलेला, आरशासारखा. त्याच्यावर घेतलेल्या साच्यांचा एकच कोपरा दर वेळी तुटत होता. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा इंजिनिअर पोरगा संगणकावर ते चित्र फिरवून फिरवून बघत होता, मापं बरोबर होती, त्याचा जीव रडकुंडीला आला होता. साच्याचं काम करणारे एक जुने मामा आले, त्यांनी पॅटर्नच्या त्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "इथं टेपर नाही रे बाळा. पॅटर्न उचलताना वाळू धरून वर येतीय. आणि हा कोपरा गोल कर." पोरानं मान डोलावली. मामा पुन्हा आपल्या साच्यांकडं गेले.

मालकांना मी तुमचं पान वाचायला दिलं. ते उभ्यानंच वाचत होते, मग बसून वाचलं. म्हणाले, "ही पोरं हुशार आहेत, स्क्रीनवर काहीही काढतील. पण बीड थंड होताना कुठं किती ओढून घेतं, वाळू कुठं दगा देते, हे ज्यानं हातानं सोसलंय तो माणूस आता मिळत नाही. पॅटर्न कापायच्या आधी कुणी अर्धा तास ड्रॉइंग बघून दिलं, तर माझी भट्टीची अख्खी पाळी वाचते." मी विचारलं, असा माणूस मिळाला तर ठेवाल का? त्यांनी सरळ सांगितलं, रोजची नोकरी नाही देऊ शकत, आठवड्यातून एक दिवस नक्की. तुम्हाला खोटी आशा लागू नये म्हणून हे त्यांच्याच शब्दांत लिहितेय.

वाचकांपैकी ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ओतीव लोखंड, ज्याला कोल्हापुरात बीड म्हणतात, ते थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. पोलाद सुमारे दोन टक्के. म्हणून पॅटर्न मूळ वस्तूपेक्षा तेवढा मोठा करावा लागतो आणि पॅटर्नवाल्यांची मोजपट्टीच मुळात थोडी लांब असते. वर मशिनिंगसाठी जादा माल ठेवायचा, पॅटर्न वाळूतून अलगद निघावा म्हणून बाजूंना उतार, म्हणजे मामांचा तो टेपर, द्यायचा, आत पोकळी हवी असेल तर कोअर टेकायला जागा करायची. हे सगळं आता संगणकाला सांगता येतं, पण काय सांगायचं ते माणसाला माहीत असावं लागतं. मेस्त्री, तुमच्या लाकडाला मागणी कमी झालीय. लाकडापाशी बसून तुम्ही जे शिकलात त्याला अजून आहे.

ज्या उद्यमनगरात तुम्ही बसता त्यालाही हे एकदा करावं लागलंय. एके काळी इथली ऑइल इंजिनं शेतकऱ्यांच्या विहिरी उपसत होती. शेतात वीज पोचली, विजेच्या मोटारी आल्या आणि इंजिनांची मागणी ओसरली. ओतकाम आणि मशिनिंगचं कसब मात्र इथंच राहिलं आणि मोटारगाड्यांच्या भागांकडं, पंप-व्हॉल्व्हकडं वळलं. तुमच्या वडिलांनी तो काळ बघितला असणार. त्यांनी तेव्हा काय केलं हे आठवून बघा.

आणि कोल्हापुरात राहून बाबूराव पेंटरांची आठवण काढल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. त्यांचं मूळ आडनाव तुमच्याच पत्राखालचं, मेस्त्री. जन्म १८९० चा. कारागिरी घरातूनच आली, त्यावर चित्रं, मूर्ती, मग चुलतभाऊ आनंदरावांबरोबर नाटक कंपन्यांचे पडदे. सिनेमा बघून दोघा भावांना त्याचं वेड लागलं. १९१६ मध्ये आनंदराव वारले, तरी बाबूरावांनी सहकारी दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा स्वतः तयार केला आणि इथं महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. पुढं बोलपट आले, कंपनी बंद पडली, तेव्हा ते चाळिशीत होते. नंतर थोडे बोलपट केले, पण मन रमलं ते पुन्हा चित्रांत आणि शिल्पांत. मोठ्या माणसाची गोष्ट सांगून मी तुम्हाला लाजवत नाहीये. मला त्यात एवढंच दिसतं की सुतारकाम, पडदे, कॅमेरा, मूर्ती, प्रत्येक पुढचं काम आधीच्या कामाला चिकटून होतं. कोऱ्या पाटीवर त्यांनी काहीच सुरू केलं नाही. तुम्हीही करू नका.

म्हणून हॉटेलला माझा विरोध आहे. कमी प्रतीचं काम म्हणून नव्हे. मिसळ हे या गावात फार मानाचं काम आहे आणि पहाटे चारला उठून कट शिजवणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे. पण ज्याला त्या कामाची ओढ आहे तोच त्या स्पर्धेत टिकतो. तुमच्या चार पानांत तर्रीचा वाससुद्धा नाही. आणि ते दहा लाख म्हणजे तुमचं म्हातारपण आहे. धास्ती वाटत असताना साठवण मोडून घेतलेले निर्णय बहुतेक वेळा पश्चात्तापाचे ठरतात. एक वर्ष त्या पैशाला हात लावू नका. गाळाही विकू नका. गाळा तुमचा स्वतःचा आहे, अर्धा भाड्यानं दिलात तरी दरमहा काही येईल आणि अवजारांसाठी अर्धा राहील.

आता आठवड्याला एक दिवस म्हणजे घर चालत नाही, हे मलाही कळतं. अशा तीन-चार लहान फाउंड्र्या मिळाल्या तर चालायला लागेल. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पट्टा, हे सगळं तुमच्या दुचाकीच्या टप्प्यात आहे. मोठ्या कारखान्यांकडं जाऊ नका, त्यांच्याकडं स्वतःचे विभाग असतात. लहान मालकांकडं जा. कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, शिरोलीची स्मॅक, गोकुळ शिरगावची गोशिमा या संघटनांत तुमच्या ओळखीचं कुणी ना कुणी निघेलच. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनची कोल्हापूर शाखाही आहे. तिथं त्यांच्या कार्यक्रमाला जाऊन मागच्या खुर्चीवर बसा आणि चहाच्या वेळी बोला.

खरी अडचण वेगळीच येणार आहे, ती पैसे मागण्याची. आयुष्यभर तुम्ही वस्तू दिलीत आणि वस्तूचे पैसे घेतलेत. आता नुसतं बघून सांगायचे पैसे मागताना जीभ अडखळेल. समोरचाही म्हणेल, "या की मेस्त्री, जरा बघून जावा, चहा घेऊ." पहिल्या वेळी जा, चहा घ्या, बघून द्या. दुसऱ्या वेळी म्हणा, "पॅटर्न तपासणीचे मी एका भेटीचे एवढे घेतो. साचा बिघडला नाही तर तुमचे कितीतरी वाचतात." आकडा आधी ठरवून, वहिनींसमोर चार वेळा मोठ्यानं म्हणून घराबाहेर पडा. आणि बिल लिहून द्या. त्यावर "पॅटर्न व कोअर बॉक्स तपासणी" अशी ओळ असू दे. कागदावर नाव लागलं की कामाला नाव लागतं, नाहीतर गावभर तुम्ही "बघून जाणारे मेस्त्री" व्हाल आणि खिसा रिकामा राहील. अशा सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी मात्र करून घ्या. ती ऑनलाइन होते, आधार आणि पॅन लागतो, फी शून्य. त्यासाठी पैसे मागणारा एजंट भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

संगणकाची भीती तुम्ही पत्रात दोनदा लिहिलीय. तुम्हाला ड्राफ्ट्समन व्हायचं नाही. स्क्रीनवरची वस्तू फिरवायची, मधून कापून आतला भाग बघायचा, एखादं माप काढायचं, एवढंच आलं पाहिजे. ज्या माणसानं सपाट कागदावरचं ड्रॉइंग बघून अख्खा पंप मनात उभा केला, त्याला उभी दिसणारी वस्तू स्क्रीनवर बघायला जड जाणार नाही. क्लास लावायच्या आधी त्या इंजिनिअर पोरासारखा एखादा गाठा. तो तुम्हाला माउस शिकवेल, तुम्ही त्याला वाळू शिकवा. त्या पोरालाही त्याची गरज आहे, मी त्याचा चेहरा बघितलाय.

आणि लाकूड पूर्ण सोडूही नका. एखाददुसरं मोठं कास्टिंग हवं असतं, जुन्या मशिनचा तुटलेला भाग पुन्हा ओतायचा असतो, तिथं अॅल्युमिनियमचा पॅटर्न परवडत नाही आणि अजूनही लाकडाचाच लागतो. ही कामं तुरळक असतात, पण ती करणारे हातही आता तुरळक आहेत. जुनी मशिनं दुरुस्त करणाऱ्यांना कळू द्या की तुमचं शटर उघडं आहे. पूर्ण उघडं ठेवा, अर्धं नको.

अवजारांसाठी किंवा थोड्या भांडवलासाठी कर्ज लागलं तर पीएम विश्वकर्मा योजना बघा. ती १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, तिच्यातल्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे आणि वयाला वरची मर्यादा नाही. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, प्रशिक्षणाच्या दिवसांचे रोज ५०० रुपये, आणि तारण न देता आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज पाच टक्के व्याजानं, असं तिचं स्वरूप आहे. घरातल्या एकालाच लाभ मिळतो. तुमचं पॅटर्नचं काम त्यात सुतारकाम म्हणून बसतं का हे आपले सरकार किंवा सीएससी केंद्रात आधी विचारून घ्या. पण कर्ज मिळतंय म्हणून घेऊ नका. तुमच्या नव्या कामाला पहिल्या सहा महिन्यांत पेट्रोल, एक वही आणि बिलबुक यापलीकडं काही लागणार नाही.

तुम्ही विचारलंय की आयटीआयमध्ये शिकवता येईल का. कायमच्या निदेशकाला ठरावीक शिक्षण आणि प्रमाणपत्र लागतं, त्यामुळं त्या वाटेवर आत्ता वेळ घालवू नका. पण कळंब्याच्या आयटीआयमध्ये किंवा एखाद्या पॉलिटेक्निकमध्ये जाऊन विचारा की एक दिवस येऊन मुलांना कोअर बॉक्स करून दाखवू का. पैसे मिळाले नाहीत तरी जा. गाळ्यातल्या त्या शांततेनंतर तुम्हाला वीस पोरांचे प्रश्न ऐकायची फार गरज आहे. दोन प्रश्न गुंतलेत म्हणाले ना, त्यातल्या "मी कोण" याचं उत्तर अशा ठिकाणी लवकर मिळतं. घराचा हिशेब फाउंड्र्यांतून जमवा. दोन्ही एकाच कामातून मिळालं पाहिजे असा हट्ट धरू नका.

तालमीचं तेवढं राहिलं. तुम्हाला वाटतं सगळे विचारतील, "काय मेस्त्री, कसं चाललंय?" विचारतीलच. त्यांना म्हणा, "लाकडाचं काम कमी केलं, आता फाउंड्र्यांना पॅटर्न तपासून देतो." पहिलं गिऱ्हाईक मिळायच्या आधीही हे म्हणायला हरकत नाही, कारण तुम्ही तेच करायला निघालाय. आणि त्या कट्ट्यावर बसणाऱ्यांतच कुणाचा भाचा, कुणाचा साडू शिरोलीत असतो, हे कोल्हापूर आहे.

शिरोलीच्या त्या मालकांचा पत्ता या सदराच्या कार्यालयात ठेवलाय. तुमच्या पत्रावरची तारीख आणि कोअर बॉक्सचे तीन तुकडे ही खूण सांगितलीत की मिळेल. दुपारी तीननंतर गेलात तर ते निवांत भेटतात, तेव्हा भट्टी चालू नसते. जाताना तो पंपाचा कोअर बॉक्स घेऊन जा, त्यांनी तो बघायला मागितलाय. वहिनींना मात्र त्याच्या आधी सांगा.